बेदाणा आणि कुत्रा

फळ वाळते तेव्हा त्यातले पाणी उडून जाते आणि बाकीचे सारे दाटून येते. कुत्र्याला वाळवलेले फळ द्यावे की नाही, हे त्या दाटून आलेल्या ऐवजावर ठरते. सफरचंदाच्या बिनसाखरेच्या वाळवलेल्या चकत्या त्यातल्या त्यात निर्धोक. खजूर, अंजीर, जर्दाळू यांचा गर विषारी नाही, पण साखर फार. बी काढून एखादा तुकडा, तोही कधीमधी, एवढेच बरे. खारकेची बी आतड्यात अडकू शकते.

बेदाण्याला मात्र मुभा नाही. तासगावच्या शेडमध्ये जाळ्यांवर पसरलेली टपोरी द्राक्षे दिवसागणिक आक्रसत जातात. साधारण चार किलो द्राक्षांचा किलोभर बेदाणा उतरतो. माणसासाठी त्यात मध साठतो, कुत्र्यासाठी मूत्रपिंड निकामी करणारे विष. ते नेमके कोणते, हे बरीच वर्षे कोडेच होते. २०२१ साली अमेरिकेतील पशुविषतज्ज्ञांनी टार्टारिक आम्लाकडे बोट दाखवले. क्रीम ऑफ टार्टार, म्हणजे याच आम्लाचा क्षार, घातलेला मुलांच्या खेळण्याचा घरगुती पिठाचा गोळा खाल्ल्यावरही कुत्र्यात तीच लक्षणे दिसली होती. चिंचेतही हे आम्ल भरपूर असते, म्हणून तीही वर्ज्य.

वजनाच्या दर किलोमागे तीनेक ग्रॅम बेदाण्यांनीही बाधा झाल्याची नोंद आहे. म्हणजे दहा किलोच्या कुत्र्याला लहानशी मूठ पुरे. एखादे कुत्रे याहून अधिक खाऊनही ठणठणीत राहते, पण त्यावरून दुसऱ्याची खात्री देता येत नाही. शिजवून किंवा भाजूनही धोका टळत नाही. बेदाणा शिऱ्यात असतो, शेवयांच्या खिरीत असतो, चिवड्यात, खिरापतीत असतो. पंगतीशी आशेने बसलेल्या मुक्या जिवाला कुणीतरी प्रेमानेच घास देते. म्हणून ही गोष्ट घरोघरी ठाऊक असायला हवी.

बहुधा पहिल्या दिवसातच उलट्या सुरू होतात. कुत्रे मलूल होते, अन्नाला तोंड लावत नाही. एक ते तीन दिवसांत मूत्रपिंडे थकतात, लघवी कमी होते, कधी थांबतेही. लक्षणांची वाट पाहत बसणे घातक. खाल्ल्याचे कळताच पशुवैद्य गाठावा. उलटी करवण्याचे औषधही त्यांनीच द्यावे, घरी मीठ पाजू नये. पुढे सलाईन लावून, रक्त तपासत दोनेक दिवस लक्ष ठेवतात. या विषावर खास उतारा नाही, पण वेळेत उपचार मिळालेली बहुतेक कुत्री बरी होतात; लघवी पूर्ण थांबल्यावर मात्र वाचण्याची आशा फार थोडी उरते.