येडशीच्या रुळांपासून लिबरेटरच्या पंखांपर्यंत

मांजरेकाठचे कळंब मागे टाकून येरमाळ्याच्या वाटेने गाडी सोलापूरच्या महामार्गाला लागली, की काही वेळाने येडशी येते. रामलिंगाच्या दर्शनाला आणि भोवतालच्या अभयारण्यात फिरायला धाराशिव जिल्ह्यातील कितीतरी कुटुंबे येथे येतात. दर्शन होते, डबे उघडले जातात, मुले माकडांकडे पाहून हसतात आणि संध्याकाळी मंडळी घरी परततात. जवळच्या लोहमार्गाकडे मात्र फारसे कोणी निरखून पाहत नाही. व्यापारी घराण्यातील माणसाने तेथे घटकाभर थांबावे असे कारण आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी बार्शी लाइट रेल्वेची अरुंद वाट बार्शीहून पुढे सरकत होती. तिच्या येडशी ते तडवळे या टप्प्याचे काम सोलापूरच्या एका जैन व्यापारी घराण्यातील तरुणाने भागीदारीत घेतले. त्याचे नाव वालचंद हिराचंद दोशी. रेल्वेच्या कंत्राटदारीतील त्याचे हे पहिले पाऊल होते.

घरचा धंदा कापसाचा आणि सावकारीचा. पण त्या तरुणाचे मन गादीवर रमले नाही. मातीकाम आणि रूळ यांपासून निघालेली ही वाट पुढे जहाजे आणि साखर कारखाना असे टप्पे घेत विमानांपर्यंत पोहोचली. १९३९ मध्ये अमेरिकेहून पॅसिफिक महासागर ओलांडणाऱ्या विमानात वालचंदांची गाठ विल्यम पॉली या अमेरिकन उद्योजकाशी पडली. पॉलींना चीनमध्ये विमाने तयार करण्याचा अनुभव होता. त्या प्रवासातील बोलण्यातून एक धाडसी बेत उभा राहिला आणि डिसेंबर १९४० मध्ये म्हैसूर संस्थानाच्या साहाय्याने बंगळुरूत ‘हिंदुस्थान एअरक्राफ्ट’ या कंपनीची नोंदणी झाली. महायुद्धाच्या धामधुमीत, १९४२ मध्ये, कारखान्याचा कारभार सरकारने आपल्या हाती घेतला आणि वालचंद त्यातून बाहेर पडले. पेरणी एकाची आणि राखण दुसऱ्याची, असे झाले खरे. पण पीक वाया गेले नाही.

मोडीत निघालेला माल

त्या कारखान्याचे सामर्थ्य कसाला लागले ते युद्ध संपल्यावर. ‘लिबरेटर’ हे चार इंजिनांचे अजस्र अमेरिकन बॉम्बफेकी विमान. पंखांचा विस्तार ११० फूट, प्रत्येक इंजिनाची शक्ती सुमारे १,२०० अश्वशक्ती. युद्धकाळात अशी अठरा हजारांहून अधिक विमाने बांधली गेली. त्यांपैकी ब्रिटिश हवाई दलाने भारतातून वापरलेली अनेक विमाने युद्धानंतर कानपूरच्या तळावर येऊन थांबली. ती उसनवारीच्या करारावर मिळालेली असल्यामुळे पुन्हा कोणाच्या कामी येऊ नयेत, असा करारामागचा हेतू होता. म्हणून त्यांची जाणूनबुजून नासधूस करण्यात आली. यंत्रे फोडली गेली, सांगाडे ठेचले गेले, इंजिनांत वाळू ओतली गेली. हिशेबाच्या वहीत हा माल शून्य किमतीचा ठरला होता.

स्वतंत्र भारताला मात्र बॉम्बफेकी विमानांची निकड होती आणि नवी घेण्याइतके परकीय चलन हाताशी नव्हते. हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या माणसांनी कानपूरचे ते भंगार बारकाईने पाहिले. एका विमानाचा पंख, दुसऱ्याचे शेपूट, तिसऱ्याची चाके, असे जुळवत त्यांनी विमाने निदान एका उड्डाणापुरती उभी केली. चाचणी वैमानिक जमशेद मुन्शी यांनी ती एकामागून एक बंगळुरूला नेली. तेथे त्यांची संपूर्ण दुरुस्ती झाली. अशा रीतीने सुमारे चाळीस लिबरेटर पुन्हा आकाशात गेली. नोव्हेंबर १९४८ मध्ये कानपूरला हवाई दलाची ५ क्रमांकाची तुकडी याच विमानांवर उभी राहिली.

त्याआधी जेमतेम दोन महिने कळंबचा सारा परिसर एका वेगळ्याच घरघरीने हादरला होता. हा मुलूख तेव्हा निजामाच्या राज्यात होता. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौजा सोलापूरकडून नळदुर्गमार्गे आत शिरल्या. दुसऱ्या दिवशी उमरग्याहून राजेश्वरकडे निघालेल्या तुकडीच्या वाटेवर विरोधकांनी दबा धरल्याचे आढळले, तेव्हा हवाई दलाची ‘टेम्पेस्ट’ विमाने मदतीला धावली. १७ तारखेला निजामाने शरणागती पत्करली. या जिल्ह्याला युद्धविमान केवळ चित्रात भेटलेले नाही. स्वातंत्र्य आणि धास्ती ही दोन्ही ते एकाच पंखांवर घेऊन आले होते.

लिबरेटरचे महाराष्ट्राशी नाते पुढेही राहिले. १९५१ पासून हवाई दलाची ६ क्रमांकाची तुकडी पुण्याच्या तळावरून ही विमाने घेऊन समुद्रावर टेहळणी करीत असे. बॉम्ब टाकण्यासाठी घडवलेले यंत्र सागरावर पहारा देऊ लागले. १९६८ च्या अखेरीस ही विमाने निवृत्त झाली. तोवर जगातील बहुतेक लिबरेटर वितळवून झाली होती. भारतात मात्र ती शाबूत होती. त्यामुळे जगभरच्या संग्रहालयांचे डोळे आपल्याकडे वळले. आज परदेशांत जपलेली कित्येक लिबरेटर भारतातूनच गेलेली आहेत.

गावोगाव फिरणारे विमान

त्यांतील एका विमानाची कथा विशेष आहे. ऑगस्ट १९४४ मध्ये टेक्सास राज्यातील फोर्ट वर्थ येथे ते तयार झाले. ब्रिटिश हवाई दलात त्याला केएच १९१ हा क्रमांक मिळाला. युद्धानंतर टाकून दिलेले हे विमान भारताने पुन्हा उडते केले आणि १९६८ पर्यंत वापरले. पुढे तेरा वर्षे ते उघड्यावर उभे होते. १९८१ मध्ये एका ब्रिटिश संग्राहकाने ते विकत घेऊन, सुटे भाग करून, मालवाहू विमानाने इंग्लंडला नेले. १९८४ मध्ये ते अमेरिकेतील कॉलिंग्ज फाउंडेशनकडे आले. आधी ते नुसते मांडून ठेवण्याचा विचार होता. परंतु ते उडताना दिसले तर कितीतरी अधिक माणसांपर्यंत पोहोचेल, असे ठरले. सुमारे पाच वर्षांच्या परिश्रमांनंतर १९८९ मध्ये ते पुन्हा उडाले आणि इतर जुन्या विमानांसह दरवर्षी शंभराहून अधिक गावांच्या दौऱ्यावर जाऊ लागले.

उरुसाला किंवा जत्रेला पाळणे यावेत तशी ही विमाने छोट्या छोट्या विमानतळांवर उतरत. दोन-तीन दिवसांचा मुक्काम असे. या दौऱ्याचा भार मोठ्या प्रमाणात स्वयंसेवकांच्या खांद्यावर होता. निवृत्त कारागीर, शिक्षक, विद्यार्थी, घरचे काम आटोपून आलेल्या गृहिणी अशी ती माणसे. कोणी दोरखंड बांधून रांग लावी, कोणी तिकिटे देई, कोणी वृद्धांना हात धरून शिडी चढवी. दिवसाचा आरंभ मात्र पंख्यांपासून होई. या इंजिनांचे सिलिंडर वर्तुळात रचलेले असतात. विमान उभे राहिले की तेल झिरपून तळाच्या सिलिंडरांत साचते. तसेच इंजिन सुरू केले तर ते आतून मोडू शकते. म्हणून स्वयंसेवक एकामागून एक पुढे होऊन पंख्याचे पाते हातांनी ढकलत, आणि पूर्ण फेऱ्या झाल्याची खात्री पटल्यावरच पुढची तयारी सुरू होई. संध्याकाळी तेच हात फडकी घेऊन विमानाच्या अंगावरचे तेलाचे ओघळ पुसत. मोबदला नाही, नाव नाही. पर्वकाळात मंदिराची भांडी घासणाऱ्या हातांना ही सेवा ओळखीची वाटेल.

देणगी देऊन सुमारे अर्धा तास विमानात बसण्याचीही सोय होती. प्रवेश थेट पोटातून, बॉम्ब ठेवण्याच्या कप्प्यातून, वाकून करावा लागे. त्या कप्प्याची दारे दुकानाच्या शटरसारखी विमानाच्या कुशीवर गुंडाळत जातात आणि माणसाचे वजन पेलत नाहीत. मधून जाणारी फळी जेमतेम नऊ इंच रुंद. दोन्ही हातांनी आधार घेत, पाऊल मोजत तीवरून जायचे. प्रथम उजवीकडचे आतले इंजिन सुरू होते, कारण द्रवदाबाचा पंप त्यावर चालतो. मग एकेक करून उरलेली तीन. निळसर धूर, जळक्या तेलाचा वास आणि अंगातून जाणारी थरथर. विमान स्थिरावल्यावर आत हिंडता येते. बाजूच्या उघड्या खिडक्यांतून वारा असा घुसतो की शेजारच्याचे बोलणेही ऐकू येत नाही. खाली शेते आणि घरे दिसतात. याच खिडक्यांशी विशी-बाविशीतील मुले उणे तापमानात तासन्‌तास बंदूक धरून उभी राहत, त्यांतली कितीतरी परतली नाहीत, आणि त्यांच्या पायांखालून पडलेल्या बॉम्बनी कितीतरी घरे उजाड केली, हे तेथे वेगळे सांगावे लागत नाही.

जपावे, पण कशासाठी?

ज्या घरात मुंगी चिरडू नये म्हणून पाऊल जपून टाकतात, त्या घराने संहाराच्या यंत्राकडे कौतुकाने पाहावे काय, हा प्रश्न येथे टाळता येत नाही. दौऱ्यावरचे जाणते स्वयंसेवक स्वतःच त्याचे उत्तर देत. रिकाम्या बॉम्बच्या कप्प्यात उभे राहून ते मुलांना यंत्राची करामत सांगत. मग येथून काय पडत असे आणि खाली काय होत असे, तेही सांगत. विमान वितळवले असते तर धातू मिळाला असता, पण हा साक्षीदार नाहीसा झाला असता. युद्धाचे गोडवे गाण्यापुरते जपलेले विमान हे नुसते खेळणे; युद्धाची किंमत डोळ्यांना दाखवणारे विमान हा धडा.

मात्र साक्षीदाराला सांभाळण्याचीही किंमत असते, आणि तिच्यात कसूर चालत नाही. २ ऑक्टोबर २०१९ रोजी याच दौऱ्यातील ‘बी-१७’ जातीचे बॉम्बफेकी विमान अमेरिकेतील कनेटिकट राज्यातील ब्रॅडली विमानतळावर कोसळले. आतील १३ जणांपैकी ७ जण मृत्युमुखी पडले. एका इंजिनाची शक्ती गेल्यानंतर वैमानिकाला विमानाचा वेग व स्थिती योग्य राखता आली नाही, आणि देखभालीतील उणिवाही अपघाताला कारणीभूत ठरल्या, असा निष्कर्ष तेथील अधिकृत चौकशीने काढला. मार्च २०२० मध्ये त्या संस्थेची प्रवासी नेण्याची परवानगी रद्द झाली. इतक्या वर्षांचे प्रेम आणि सेवा त्या दिवशी अपुरी पडली. रोजमेळ कितीही सुंदर अक्षरात लिहिला तरी ताळा चुकला असेल तर तो चुकलेलाच राहतो. ज्याच्या भरवशावर दुसऱ्याचा जीव आहे, त्याला भावनेची सवलत नाही. तेथे काटेकोरपणा हीच अहिंसा.

भारतातही या जपणुकीची परंपरा आहे. हवाई दलाच्या जुन्या विमानांच्या ताफ्यात २०१८ मध्ये ‘परशुराम’ नावाचे डाकोटा दाखल झाले. इंग्लंडहून ते स्वतःच्या पंखांवर उडत आले. दिल्लीतील पालमच्या संग्रहालयात एक लिबरेटर उभे आहे. दक्षिणेच्या तीर्थयात्रेला निघालेल्या कुटुंबांना बंगळुरूत हिंदुस्थान एरोनॉटिक्सचे संग्रहालयही पाहता येईल. ज्या कारखान्यात मोडीत निघालेली विमाने पुन्हा उभी राहिली, त्याचाच हा वारसा आहे.

आणि तेवढे दूर जाणे जमले नाही, तरी येडशी दूर नाही. रामलिंगाहून परतताना मुलांना त्या लोहमार्गापाशी क्षणभर थांबवावे. जुनी अरुंद गाडी आता इतिहासजमा झाली असून तिच्या जागी रुंद मार्ग आला आहे. सोलापूरच्या एका तरुणाने याच मातीत पहिले काम घेतले आणि पुढे त्याने उभारलेल्या कारखान्यात भंगाराला पंख फुटले, एवढे त्यांना सांगितले तरी पुरे.