खेळण्याचे मोल

संग्राहक हा प्राणी समाजाला नेहमीच थोडा हास्यास्पद वाटत आला आहे. जुनी नाणी किंवा हस्तलिखिते जमविणाऱ्याला निदान विद्वत्तेचे पांघरूण घेता येते. परंतु पन्नाशी उलटलेला प्राध्यापक खेळणी जमवितो, आणि तीही रूप पालटणाऱ्या यंत्रमानवांची, हे कळल्यावर पाहुण्यांच्या मुद्रेवर जे भाव उमटतात ते सोसण्याची मला आता सवय झाली आहे. साताऱ्यातील माझ्या बैठकीत ग्रंथांच्या कपाटाशेजारी काचेचे एक लहानसे कपाट आहे. त्याकडे पाहून एका सहकाऱ्यांनी, "नातवंडांची तयारी वाटते!" असा शेरा मारला होता. माझ्या मुलाचे अद्यापि लग्नही झालेले नाही.

ज्यांना ही खेळणी ठाऊक नाहीत त्यांनी आपला बहुरूपी डोळ्यांपुढे आणावा. आज फौजदार होऊन दारात दरडावणारा तो इसम उद्या वैद्यबोवा होऊन नाडी पाहू लागतो. तसेच हे खेळणे घटकेत मोटार असते, तर घटकेत हातपाय असलेला वीर. जपानमधील ताकारा कंपनीने १९८० साली 'डायाक्लोन' नावाची खेळणी काढली. त्यांतील यंत्रे चालवावयास बोटाच्या पेराएवढे चिमुकले चालक असत. पुढे अमेरिकेच्या हॅस्ब्रो कंपनीने ही, आणि ताकाराच्याच 'मायक्रोमॅन' मालिकेतील काही खेळणी घेऊन १९८४ साली ती 'ट्रान्सफॉर्मर्स' या नावाने बाजारात आणली. त्यांना कथाही नवी जोडली. ही यंत्रे कोणी चालवीत नाही, ती स्वतःच सजीव आहेत, अशी ती कथा. चालकांना अशा रीतीने रजा मिळाली. परंतु साचे जुनेच राहिल्यामुळे त्यांच्या बसण्याच्या जागा मात्र तशाच राहिल्या. या मंडळींचा नायक ऑप्टिमस प्राइम. हा तांबडा ट्रक जपानात १९८३ साली 'बॅटल कॉन्व्हॉय' या नावाने आधीच अवतरला होता.

असा एक ऑप्टिमस सांगलीस गावभागातील माझ्या बालमित्राच्या घरी होता. १९८५ च्या सुट्टीत त्याच्या मामाने तो अमेरिकेहून आणला, तेव्हा पेटी उघडताना मी शेजारी बसलो होतो. मित्र दोन वर्षांपूर्वी वारला. नदीकाठचे ते घर विकून पुण्यास मुलाकडे जाण्याचे वहिनींनी ठरविले आहे. असली खेळणी लाखांनी विकली जातात असे मुलाने कोठेतरी वाचले होते, म्हणून वहिनींचा निरोप आला: "भाऊजी, तुम्हांला यातले कळते. एकदा पाहून काय ते खरे सांगा."

खरे सांगणे हीच तर संग्राहकाची परीक्षा असते. बाजाराचे शास्त्र निष्ठुर आहे. या खेळण्याची जी प्रत पेटीतून कधी बाहेरच निघाली नाही, तिला सर्वांत मोठे मोल. पेटी उघडली की मोल घटते, खेळले की आणखी घटते. वर लावलेल्या चित्रपट्ट्या जागच्या जागी आहेत की नाहीत, रुपेरी मुलामा झिजला आहे काय, उन्हाने रंग पिवळटला आहे काय, सांधे स्वतःचा भार पेलतात काय, हे क्रमाने पाहावयाचे. ऑप्टिमसच्या बाबतीत प्रथम पाहावयाच्या त्या मुठी. उभ्या वीराचा ट्रक करताना त्या मनगटांतून काढून बाजूस ठेवाव्या लागतात, आणि म्हणूनच त्या हरवतात. ज्याच्या दोन्ही मुठी शाबूत, तो बहुधा फारसा खेळला गेलेला नसतो.

आमच्या ऑप्टिमसला एकच मूठ होती. दुसरी १९८६ साली कृष्णेच्या घाटावर मित्राच्या खिशातून पडली, आणि सगळी दुपार आम्ही पायऱ्या धुंडाळल्या. पुढे २०१९ च्या ऑगस्टमध्ये तीच कृष्णा उरलेले पाहावयास घरात आली. आयर्विन पुलापाशी पाणी सत्तावन्न फुटांवर गेले होते. धोक्याची पातळी पंचेचाळीस. कपाटाच्या खालच्या कप्प्यातील पेटीचा लगदा झाला. मित्राने खेळणे धुऊन वाळविले व वरच्या मजल्यावर नेले, म्हणून २०२१ च्या पुरात ते वाचले. परंतु स्क्रू गंजले होते, पट्ट्या सुटल्या होत्या, आणि सोबतच्या छोट्या गाडीत चालकाच्या रिकाम्या जागेवर गाळाचा एक वाळका थर तसाच बसलेला होता.

पेटी गेली, म्हणजे पुरावाही गेला. पेटीचे हे माहात्म्य केवळ खेळण्यांपुरते नाही. लहान तोंडी मोठा घास घेण्याचा दोष पत्करून सांगतो. २०२४ च्या जुलैमध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील वाघनखे काही महिन्यांसाठी आमच्या साताऱ्यातील संग्रहालयात आली, तेव्हा मीही ती पाहावयास गेलो होतो. ती शिवछत्रपतींची असून ग्रँट डफ साताऱ्यास रेसिडेंट असताना त्याला मिळाली, असे त्यांच्या पेटीवरील लेख सांगतो. तीच नखे त्या प्रसंगी वापरली गेली हे सिद्ध करता येत नाही, असे लंडनचे संग्रहालय स्वतःच सांगते. पोलाद मुके असते. त्याच्या वतीने बोलावयाचे ते पेटीने, कागदाने किंवा साक्षीदाराने. याच साच्यांवरून पुढे ऑप्टिमसच्या नव्या आवृत्त्याही निघाल्या आहेत. अशा वेळी सांगलीचा हा तुकडा १९८५ सालचाच, हे सांगणारा आता मी एकटा उरलो होतो. पेटीचे काम माझ्याकडे आले होते.

आणि येथेच पेच होता. मला ते खेळणे हवे होते. काचेच्या कपाटातील सगळ्या प्रती देऊन तो एकमुठ्या वीर घ्यावा, इतके हवे होते. वहिनींना मी सांगितली असती ती किंमत त्यांनी निमूट मानली असती. किंबहुना, "तुम्हीच ठेवा," असे म्हणून एक पैही घेतली नसती. पण मोल करणाऱ्याने खरेदीदार होऊ नये, हा संग्राहकांच्या व्यवहारातील फार जुना आणि फार शहाणा नियम आहे. साक्षीदाराने तर मुळीच होऊ नये. त्याने तसे केले की त्याची साक्ष त्याच क्षणी निकामी होते.

मी दोन पाने टिपण लिहून दिले. खेळणे अस्सल, एक मूठ नाही, पेटी नाही, गंज व पाण्याचे डाग, बाजारातील मोल पेटीबंद प्रतीच्या मानाने अगदी किरकोळ. खाली चार ओळी अधिक लिहिल्या. मूठ कोठे पडली, गाळ कोणत्या पुराचा, खेळणे कोणी धुतले. घ्यावयाचे असेल त्याने यांपैकी काहीही साफ करू नये, असेही लिहिले. दोन अनोळखी खरेदीदारांचे पत्ते जोडले.

वहिनींनी टिपण दोनदा वाचले. "म्हणजे खेळलेले आहे म्हणून स्वस्त," त्या म्हणाल्या. मी होकार दिला. "मग तुम्हीच का घेत नाही?" मी म्हटले, "वहिनी, किंमत मी सांगितली ना, म्हणून."

१९८६ साली कंपनीने नव्या मालाला वाट करून देण्यासाठी चित्रपटात या ऑप्टिमसला मारून टाकले. जगभरची मुले रडली. तेव्हा पुढल्याच वर्षी त्याला मालिकेत परत आणावे लागले. दुकानदाराच्या लेखी जो जुना माल होता, तो मुलांच्या लेखी सोबती होता. दोन्ही हिशेब खरे. फक्त ते एका हाताने मांडता येत नाहीत. ट्रक व्हावयाचे तर मुठी काढून ठेवाव्या लागतात, हे त्या जपानी कारागिरांना खेळण्यापुरते ठाऊक होते. मला ते गावभागात, ओल उतरलेल्या त्या भिंतींच्या घरात, नीट कळले. खेळण्याचे पुढे काय करावयाचे हे मुलाने अजून कळविलेले नाही, आणि मीही विचारलेले नाही.