शहर टाळून श्रीरामपूर

पाडव्याला आमच्या घरच्या पेढीवर वहीपूजन असते. ते आटोपून दुसऱ्या दिवशी पहाटे सांगलीहून निघायचे आणि भाऊबीजेला श्रीरामपूर येथे थोरल्या बहिणीकडे, अक्कांकडे, पोहोचायचे, हा माझा अनेक वर्षांचा परिपाठ. वाहन एकच: २००७ साली घेतलेली मारुती ८००. गुडघ्यांच्या शस्त्रक्रियेनंतर सौ.ना एस.टी.च्या पायऱ्या चढवत नाहीत, त्यामुळे ही गाडी आम्हाला चैनीची वस्तू राहिलेली नाही.

पूर्वी मी सातारा, पुणे, नगर असाच जात असे. रस्ता मोठा, म्हणून सोयीचा, असा समज होता. काही वर्षांपूर्वी पुण्यातून नगर रस्त्याला लागताना वाहनांच्या कोंडीत दोन तास अडकलो. तापमानाचा काटा चढला, बॉनेटमधून वाफ आली आणि गाडी कडेला ढकलावी लागली. मेस्त्री मिळून रबरी नळी बदलेपर्यंत दिवस कलला. श्रीरामपूर गाठले तेव्हा रात्रीचे नऊ वाजले होते. अक्का भावाला ओवाळल्याशिवाय जेवत नाहीत आणि रात्रिभोजनाचा त्यांना आजन्म त्याग. त्या दिवशी सत्तरी ओलांडलेली माझी बहीण उपाशीच राहिली. त्यांनी हसतमुखाने निरांजन पुन्हा लावले; मला मात्र मान वर करवेना.

परतल्यावर सांगलीच्या नेहमीच्या मेस्त्रींनी कारण समजावले. गाडी धावत असते तेव्हा समोरचा वारा रेडिएटरमधून जाऊन पाणी थंड ठेवतो. कोंडीत तो वारा मिळत नाही. सारा भार एकट्या पंख्यावर पडतो. शिवाय दर दहा पावलांवर क्लच दाबावा लागतो, त्याची झीज वेगळीच. म्हणजे जुन्या गाडीला लांबचा पल्ला सोसतो, गर्दीचा मुक्काम सोसत नाही. तेव्हापासून मी पुण्याला वळसा घातला.

आता आम्ही पहाटे पाचला तासगाव, विटामार्गे निघतो. मायणीच्या तलावाजवळ उजाडते. दहिवडीपर्यंत माणदेशाचे उघडे माळ, मेंढ्यांचे कळप आणि मोकळा रस्ता. पन्नास-साठच्या वेगाने गाडी एका सुरात चालते. मोगराळे घाट उतरताना मी दुसरा गिअर ठेवतो. उताराचा जोर इंजिन धरते आणि ब्रेक तापत नाहीत. घाट संपून फलटण जवळ येते तसा मुलूख पालटतो. वीर धरणातून निघालेल्या नीरेच्या कालव्यांनी नदीच्या दोन्ही अंगांना ऊस उभा केला आहे. तासाभरामागे पाहिलेला कोरडा माळ हाच का, असे वाटावे! फलटणला थांबून दशम्या आणि बिनलसणाची शेंगदाण्याची चटणी खातो. तेवढ्यात इंजिनही निवते. पुढे नीरा ओलांडून बारामती, मग पाटस, दौंड, भीमेचा पूल आणि काष्टी. नगरला बाह्यवळण रस्ता धरला की राहुरीमार्गे दुपारी तीनच्या सुमारास श्रीरामपूर. महामार्ग सोडल्याने बाजाराची गावे, त्यांचे आडत व्यापारी आणि ऋतुमानाप्रमाणे पालटणारी पिके पुन्हा दिसू लागली, हा अनपेक्षित लाभ.

मात्र केवळ रस्ता बदलून भागत नाही. दसऱ्यानंतर मी गाडीची तपासणी लेखापरीक्षणासारखी करतो. रेडिएटरमध्ये बोअरचे पाणी कधीही घालीत नाही, कारण त्यातील क्षार आत साचतात. शुद्ध पाण्यात मिसळलेले कूलंटच घालतो. झाकण गरम असताना उघडायचे नाही, हा नियम घरात सर्वांना पाठ आहे. ब्रेकचे तेल हवेतील ओलावा शोषते, म्हणून ते दर दोन वर्षांनी बदलतो. टायरची नक्षी शाबूत दिसली तरी त्याच्या कडेवरचे चार अंक वाचतो: पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. टायमिंग बेल्ट तुटण्याची वाट न पाहता मुदतीत बदलतो. प्रत्येक खर्च वहीत तारखेसह लिहिलेला आहे.

चिरंजीव म्हणतात, "बाबा, त्या गाडीची किंमत आता काय उरली?" वाणिज्याचा विद्यार्थी म्हणून मी सांगतो की, घटत्या शिलकेच्या पद्धतीने घसारा काढला तर मत्तेचे मूल्य कधीच शून्यावर येत नाही. तरी त्यांच्या प्रश्नामागची काळजी मला कळते. पंधरा वर्षे झाल्यावर, २०२२ साली, आर.टी.ओ.त तपासणी करून आणि पर्यावरण कर भरून गाडीच्या नोंदणीचे पाच वर्षांसाठी नूतनीकरण केले. माझ्या वाहन परवान्याचेही वयामुळे आता पाच वर्षांचेच नूतनीकरण होते. दोघांनाही सारखीच मुदत! गाडीचा हिशेब इतक्या काटेकोरपणे ठेवणाऱ्याने स्वतःचा टाळू नये, म्हणून यंदा निघण्यापूर्वी डोळे तपासून घेतले. डाव्या डोळ्यात मोतीबिंदूची सुरुवात आहे. समोरच्या दिव्यांनी रात्री दिपते, याचे कारण कळले. तेव्हापासून सूर्यास्तानंतर सुकाणू हाती धरत नाही. शहर टाळले, त्यात गाडीची अडचण किती आणि माझी किती, हे मी आता मोकळेपणाने सांगतो. नोंदणीची मुदत २०२७ साली संपेल, तेव्हा गाडीबरोबर चालकाचाही निर्णय घ्यावा लागेल.

यंदा पोहोचलो तेव्हा तीन वाजायला दहा मिनिटे होती. अक्का काठी टेकत अंगणात आल्या. प्रथम त्यांनी बॉनेटवर तळहात ठेवून पाहिला आणि विचारले, "तापली नाही ना रे?" मी मान हलवली. मग त्यांनी सुनेला आत हाक मारली, "पाने घे गं, वेळेवर आलाय." आणि ओवाळणीचे ताट हाती घेतले.