हाकेच्या अंतरावर

बोटीवरून दिसणारा फिन व्हेल बहुतेक वेळा एकटाच असतो. फवारा उडतो, गडद पाठ वर येते, की पुन्हा चहूकडे पाणीच पाणी. एवढ्या अफाट दर्यात बिचाऱ्याला सोबत कुणाची, असे वाटून जाते.

ही कीव आपल्या डोळ्यांची. समुद्रात राज्य कानांचे. हवेत सेकंदाला सुमारे ३४० मीटर जाणारा आवाज खाऱ्या पाण्यात १,५०० मीटर जातो, आणि जितका खर्जातला तितका लांब टिकतो. डॉल्फिनची बारीक टकटक पाणी लवकर गिळून टाकते. फिन व्हेलचा २० हर्ट्झचा हुंकार शेकडो किलोमीटर जातो. शीतयुद्धाच्या काळात शत्रूच्या पाणबुड्यांसाठी पाण्यात कान लावून बसलेल्यांना हे ठोके ऐकू येत. ते एखाद्या जिवाचे असतील, हे पटायला बराच वेळ लागला.

पाण्याची साथही मोठी. खाली जावे तसे पाणी गार होते, आवाज मंदावतो. आणखी खाली दाब वाढतो, आवाज पुन्हा वेग घेतो. समशीतोष्ण समुद्रांत साधारण हजार मीटरवर मंद वेगाचा थर असतो. आवाज मंद बाजूला वळतो, त्यामुळे या थरात शिरलेला आवाज वर-खाली न आपटता पाटाच्या पाण्यासारखा पुढे जात राहतो. १९६० साली ऑस्ट्रेलियातल्या पर्थजवळ समुद्रात केलेले स्फोट अर्धी पृथ्वी ओलांडून बर्म्युडाला ऐकू आले, साधारण पावणेचार तासांनी!

देवमासा वरच्या पाण्यात गातो, त्याची सगळी हाक त्या थरात उतरत नाही. तरीही १९७१ साली रॉजर पेन आणि डग्लस वेब यांनी हिशेब मांडला, की जहाजांपूर्वीच्या समुद्रात दोन फिन व्हेल हजारो किलोमीटरवरून एकमेकांना ऐकू शकले असते. कळपाने अंगाला अंग लावूनच चालावे, हा नियम जमिनीवरचा.

जहाजांच्या पंख्यांचा गडगडाट नेमका त्याच खर्जात येतो. सप्टेंबर २००१मध्ये अमेरिकेवरील हल्ल्यांनंतर कॅनडाच्या फंडी उपसागरातली वाहतूक रोडावली, गोंगाट सहा डेसिबलने उतरला. त्या दिवसांत गोळा केलेली राइट व्हेलांची तरंगती विष्ठा तपासली, तर तिच्यात ताणाची संप्रेरके घटलेली निघाली.

सांडलेले तेल वर्षानुवर्षे निस्तरावे लागते. गोंगाटाचे तसे नाही. बहुतेक जहाजांचा वेग उतरवला की तो लगेच उतरतो. माल दोन दिवस उशिरा आला, म्हणून बाजार काही बुडत नाही.