दोंरेमीचे घर

मार्क ट्वेन म्हटले की आपल्याला टॉम सॉयर आठवतो. त्याला स्वतःला मात्र आपल्या सगळ्या पुस्तकांत जोन ऑफ आर्कवरची १८९६ सालची कादंबरी आवडे. बारा वर्षे तयारी आणि दोन वर्षे लेखन, असे तो सांगे. जोनचा बालमित्र आणि पुढे तिचा चिटणीस झालेला एक म्हातारा ही कथा सांगतो. बेळगावला कॉलेजात असताना मी ती वाचली. डोळ्यांसमोर राहिली ती घोड्यावरची चिलखत घातलेली पोर. तिचे घर फारसे लक्षात राहिले नाही.

ते घर गेल्या उन्हाळ्यात पाहिले. आमची धाकटी फ्रान्समध्ये नान्सीला शिकते. तिने गुपचूप अर्ज केला, पैशांची सोय केली आणि मग आम्हाला सांगितले. त्यानंतर कितीतरी महिने मी तिच्याशी धड बोलले नव्हते.

नफशातोपर्यंत आगगाडीने आणि पुढे मोटारीने आम्ही दोघी दोंरेमीला पोचलो. म्यूज नदी इथे आपल्या मार्कंडेयीएवढीच. चर्चच्या शेजारी उतरत्या छपराचे दगडी घर. खाली चार खोल्या, सगळ्या रिकाम्या. जोनची म्हणून दाखवतात ती खोली काळोखी, एवढासा झरोका असलेली.

शेकोटीच्या खोलीत उभी राहिले तेव्हा मला तिचा बाप आठवला. झाक दार्क हा शेतकरी. पोरगी शिपायांबरोबर निघून जाते आहे, असे त्याला स्वप्न पडले होते. तसे झाले तर तिला बुडवून टाका, नाहीतर मी बुडवीन, असे तो मुलांना म्हणाला. हे ट्वेनने रचलेले नाही. आईकडून ऐकले म्हणून जोननेच आपल्या खटल्यात सांगितले आहे.

मग ती सांगून कशी जाणार? नातलगाच्या बायकोच्या बाळंतपणाला मदत, हे निमित्त झाले. (हे निमित्त सगळ्या मुलखांत चालते म्हणायचे!) ओव्हिएत या मैत्रिणीलाही तिने कळू दिले नाही. आपण फार रडलो, अशी त्या मैत्रिणीची साक्ष आहे.

पुढचे सर्वांना ठाऊक आहे. ८ मे १४२९ रोजी ऑर्लेआंचा वेढा उठला, १७ जुलैला रँस येथे राजाला राज्याभिषेक झाला, आणि ३० मे १४३१ रोजी रूआंच्या बाजारात तिला जिवंत जाळले.

आमची बेळवडीची मल्लम्मा, कित्तूरची चन्नम्मा या राण्या. त्यांच्यामागे गढी होती, फौज होती. हिच्या हाती सूत आणि सुई. कातण्या-शिवण्यात रूआंच्या कुठल्याही बाईला मी हार जाणार नाही, असे तिने न्यायाधीशांना ऐकवले. तो ठसका मला तिच्या लढायांहून आवडतो.

तिची आई इझाबेल १४५५ मध्ये पॅरिसच्या नोत्र दाम चर्चमध्ये पोपच्या प्रतिनिधींपुढे उभी राहिली, लेकीसाठी न्याय मागायला. पोर जाऊन चोवीस वर्षे झाली होती. १४५६ मध्ये तो जुना निकाल रद्द झाला.

"आई, तिने घरी सांगितलं असतं तर?" झरोक्यापाशी उभ्या लेकीने विचारले.

"तर सोडलं नसतं कुणी."

परतीच्या गाडीला बराच अवकाश होता. स्टेशनच्या बाकावर बसून तिने तो अर्ज कसा भरला, पैसे कुठून उभे केले, सगळे पहिल्यापासून सांगितले. मी मध्ये बोलले नाही.