घरबसल्या एक प्रवास

सांगलीहून पूर्वेकडे निघाले की उसाची हिरवाई हळूहळू मागे पडते आणि जतचा उघडा माळ सुरू होतो. येथे पाऊस कमी, झाडे विरळ, आभाळ मात्र अफाट. एकेकाळी डफळे घराण्याचे संस्थान असलेल्या या गावात आम्हा उभयतांचे आयुष्य गेले. पत्नीचे माहेर सीमेपलीकडे, विजापूरच्या बाजूला. त्यामुळे घरातील मराठीला कानडीची किनार आहे. मार्गशीर्षात यल्लम्मादेवीची यात्रा आणि वर्षातून एकदा गुड्डापूरच्या दानम्मादेवीचे दर्शन, हा तिचा न चुकणारा नेम.

गेल्या वर्षी न्हाणीघरात पाय घसरून तिच्या खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली, वॉकर आला. हाड सांधले, उमेद मात्र सांधेना. ‘आता मला कुठे जायचे आहे?’ एवढेच म्हणून ती भिंतीकडे तोंड करून पडे. घरी रुग्णाची शुश्रूषा करणाऱ्यांना हा अनुभव असेल. औषधे वेळेवर देता येतात, पण लांबलचक दुपार कशी भरावी हे कोणी सांगत नाही.

दिवाळीत नातू पुण्याहून आला. त्याने आपला संगणक आमच्या टीव्हीला जोडला आणि एक खेळ सुरू केला. ‘राजी : ॲन एन्शन्ट एपिक’ हे त्याचे नाव. पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ने तयार केलेला हा खेळ २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. राजी ही सर्कशीत कसरती करणारी मुलगी. असुरांनी पळवून नेलेल्या गोलू या धाकट्या भावाच्या शोधात ती निघते. दुर्गा आणि विष्णू तिची कथा वरून पाहत, आपसांत बोलत सांगतात. निवेदन इंग्रजीत होते. नातू ते मराठीत सांगू लागला.

आरंभी मला हा पोरखेळ वाटला. पण पडद्यावर राजस्थानी धाटणीचे किल्ले उभे राहिले. उंच तट, कोरीव झरोके, घुमटाकार छत्र्या! रंगसंगती पहाडी लघुचित्रांची, म्हणजे कांगडा, बसोलीकडच्या चित्रकारांनी रूढ केलेल्या शैलीची. कॅमेरा दुरून, किंचित वरून पाहतो. म्हणून त्या विशाल वास्तूत राजी मुंगीएवढी दिसते आणि नजर तिच्यापेक्षा भिंती, जिने व अंगणांवरच रेंगाळते. वाटेत भित्तिचित्रे लागतात. राजी त्यांच्यापाशी थांबली, की देवीची किंवा विष्णूची कथा ऐकू येते.

मग मधला कथाभाग सुरू झाला. तो छायाबाहुल्यांच्या रूपात होता. पत्नीने मान वळवली. ‘अरे, या तर तोगलु गोंबे!’ ती म्हणाली. लहानपणी माहेरी पांढऱ्या धोतरामागे दिवा लावून नाचवलेल्या कातडी बाहुल्या तिने पाहिल्या होत्या. कर्नाटकातील ही जुनी कला. आपल्याकडे सिंधुदुर्गातील पिंगुळीच्या ठाकर कलावंतांनीही कातडी बाहुल्यांचा खेळ जपला आहे. त्या दुपारी ती तासभर माहेराविषयी बोलत राहिली. कित्येक महिन्यांत ती इतके बोलली नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून तीच सूचना देऊ लागली. ‘बाळा, जरा थांब. मागे जा. ती भिंत नीट दाखव.’ खेळणाऱ्याला पुढे जाण्याची घाई असते. आजीला घाई नव्हती. नातवानेही तिचा वेग स्वीकारला. लढाईचे प्रसंग तो सकाळी एकटाच उरकून घेई आणि दुपारी तिला शांत वाटांनी फिरवून आणी. एकाच चौकात दोघे पाव तास थांबत. कमळांच्या तळ्यापाशी ती म्हणाली, ‘आपल्याकडे एवढे पाणी असते तर!’

आम्ही काही पथ्ये पाळली. एका वेळी अर्ध्या तासाहून अधिक पाहायचे नाही. खोलीत दिवा लावलेला, पडदा पुरेसा दूर, डोळ्यांवर चष्मा आणि आवाज मंद. हलत्या चित्रांनी गरगरू लागले किंवा मळमळले, तर तत्काळ थांबावे. फिट येण्याचा त्रास असलेल्यांनी लखलखत्या प्रकाशाची दृश्ये टाळावीत आणि आधी डॉक्टरांना विचारावे. मुख्य म्हणजे हा व्यायामाला पर्याय नव्हे. पायांचे व्यायाम आधी, सफर नंतर, असा आमचा क्रम होता.

या खेळाने तिचे दुखणे बरे केले, असे मी म्हणणार नाही. वॉकर अजून आहे, थंडीत खुबा ठणकतोच. पण पाहण्याची इच्छा परत आली. नातू गेल्यावर एका सकाळी ती स्वतःहून ओट्यावर येऊन बसली आणि समोरच्या भिंतीवर पडलेली कडुनिंबाची सावली बराच वेळ न्याहाळत राहिली.

मार्गशीर्षात आम्ही तिला मोटारीने गुड्डापूरला नेले. गाडीत उशा रचल्या, वाटेत दोनदा विसावा घेतला. जत मागे पडल्यावर एका वळणावर शाळूचे शेत लागले. कोवळ्या उन्हात ताटे वाऱ्याने लवत होती. चालकाच्या खांद्याला हात लावून ती म्हणाली, ‘बाळा, जरा थांब.’

दर्शनाला उशीर होईल, हे शब्द माझ्या ओठांवर आले होते. मी ते गिळले आणि काच खाली केली.