फटफटीची पुंगळी

मोटारसायकलीला आमच्या लहानपणी फटफटी म्हणत. हा शब्द कोणा पंडिताने खोलीचे दार लावून घडवलेला नव्हे. ज्याने कोणी ते वाहन पहिल्यांदा रस्त्यावरून जाताना ऐकले, त्याच्या तोंडून तो आपोआप निघाला असावा. खुळखुळा, फटाका, फटफटी ही एकाच कुळातली भावंडे. आधी आवाज, मग वस्तू! ध्वन्यनुकारी शब्दांचा तास आला की मी वर्गात हे उदाहरण हमखास देतो, आणि मुले हसतात. ती उदाहरणाला हसत नव्हती, हे मला पुष्कळ उशिरा समजले. सर स्वतःच फटफटीवरून येतात आणि ते येत असल्याची वर्दी कॉलेजला दोन चौक आधी मिळते, म्हणून ती हसत.

ही फटफटी म्हणजे १९९४ साली बनलेली जुनी बुलेट. ३४६ सी.सी.ची, गियर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला असलेली. चार वर्षांपूर्वी मी ती घेतली. दूरचे प्रवास करावेत, असा हेतू होता. मागे सामानाचा कॅरिअर, दोन्ही बाजूंना कातडी पिशव्या आणि दोघांची पाठ न अवघडता बसता येईल अशी रुंद बैठक. चाळिशी उलटलेल्या माणसाने असे काही केले की शेजारी हसतात आणि बायको काळजीत पडते, असा सर्वसाधारण नियम आहे. आमच्याकडे उलट झाले. शेजारी काळजीत पडले आणि ही हसली. "पुढच्या शनिवारी वाईला जाऊ या," म्हणाली.

बुलेट सुरू करणे हा एक छोटासा विधीच असतो. डिकॉम्प्रेशनची बारीक कडी दाबायची, किक हळूच खाली न्यायची, अँपिअरच्या काट्याकडे पाहायचे, तो मधोमध आला की कडी सोडायची आणि मग सगळा भार देऊन लाथ मारायची. क्रम चुकला तर ती लाथ परत मिळते. पण जमले, आणि ते धीमे, घनगंभीर ठोके सुरू झाले, की आपण प्रपंचातले एक सामान्य गृहस्थ आहोत याचा निदान पेट्रोल संपेपर्यंत विसर पडतो.

आमच्या गाडीचे ठोके मात्र जरा जास्तच घनगंभीर होते. आधीच्या मालकाने सायलेन्सरच्या पोटातले बॅफल काढून फेकून दिले होते. बॅफल म्हणजे काय, हे मलाही तेव्हा ठाऊक नव्हते. मिस्त्रीने सांगितले, "सर, आतली पुंगळी. छिद्रंछिद्रं असलेली." चार टप्प्यांच्या इंजिनात क्रँकच्या दोन फेऱ्यांमागे एक स्फोट होतो. मिनिटाला तीन हजार फेऱ्या धरल्या तर सेकंदाला पंचवीस स्फोट झाले. प्रत्येक स्फोटातला तापलेला वायू धक्का देत नळीतून बाहेर पडतो, आणि तो धक्का म्हणजेच आवाज. पुंगळी असली की तो धक्का तिच्या छिद्रांतून बाजूला फाकतो, भोवती गुंडाळलेल्या काचेच्या लोकरीत शिरतो, तिथे अडखळत अडखळत त्याची ऊब होऊन जाते आणि मग राहिलेला आवाज सभ्यपणे बाहेर येतो. पुंगळी नसली तर मधे समजूत घालणारे कोणीच नाही.

त्या आवाजात आम्ही दोघे तीन वर्षे हिंडलो. वाई, पाचगणी, भोर, कऱ्हाड. मागे बसून ही सारखी बोलत असे. मला शब्द कळत नसत. पण तिच्या हेल्मेटची हनुवटी माझ्या खांद्याला लागे आणि तिथे बोलण्याची थरथर जाणवे. सुरुवातीला मी "काय?" म्हणून ओरडलो. मग ती ओरडली. मग मी पुन्हा. अखेर मी एक सोपी युक्ती शोधून काढली. थरथर थांबली की मान डोलवायची! संसारात ही युक्ती अनेकांनी पायी चालतानाही वापरली आहे. मी ती फक्त ताशी साठ किलोमीटरला आणली. तिचे परिणाम भोगावे लागलेच. एकदा वाईहून परत आल्यावर कळले, की दिवाळीत मेहुण्याचे सबंध कुटुंब आमच्याकडे राहायला येणार आणि त्याला मी कात्रजच्या अलीकडे संमती दिली होती.

पुंगळी बसवण्याची बुद्धी मात्र मला आपणहून झाली नाही. खालच्या मजल्यावर बाळ जन्माला आले. बाळाचे आजोबा एक दिवस जिन्यात भेटले आणि अत्यंत सौजन्याने म्हणाले, "आपण सकाळी निघता, तेव्हा तो नुकताच झोपलेला असतो." भांडले असते तर मी भांडलो असतो. सौजन्यापुढे इलाज नाही. शिवाय वर्तमानपत्रांत अधूनमधून छायाचित्रे येतातच. पोलिसांनी जप्त केलेले कर्कश सायलेन्सर रस्त्यावर ओळीने मांडलेले आणि वरून रोडरोलर चाललेला. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० अन्वये आवाजाच्या गुन्ह्याला दहा हजार रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. १ एप्रिल २००५ पासून १७५ सी.सी.च्या वरच्या नव्या दुचाकीला ८० डेसिबलची मर्यादा आहे. माझी गाडी त्याच्या आधीची, असा युक्तिवाद मी मनात तयार करून ठेवला होता. पण तान्ह्या बाळाला उत्पादनाचे साल कळत नाही.

आणखी एक गोष्ट वाचनात आली होती. हायरम मॅक्सिम या गृहस्थाने १८८४ साली आपोआप गोळ्या सुटणारी मशीनगन बनवली. तिच्या आवाजाने पुढे त्याचे कान गेले. त्याच्या मुलाने, हायरम पर्सी मॅक्सिमने, बंदुकीला लावायचा सायलेन्सर शोधला आणि १९०९ साली त्याचे पेटंट मिळवले. पुढे त्याच्या कंपनीने इंजिनांचे सायलेन्सरही केले. बापाने आवाज काढावा आणि मुलाने तो आवरावा, अशी घराणी आपल्याकडेही आहेत. पेटंट मात्र कोणी घेत नाही.

तर एका रविवारी मी नाना पेठेत गेलो. सायलेन्सरचे तोंड दोरीने आणि फूटपट्टीने मोजून नेले होते. दुकानदाराने माझ्याकडे, मग दोरीकडे पाहिले आणि काही न बोलता पुंगळी दिली. घरी येऊन लावतो तो ती आत जाईना. मी बाहेरचा व्यास मोजला होता आणि पत्र्याला जाडी असते हे विसरलो होतो. दुसऱ्या दिवशी पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेतून व्हर्नियर मागून आणले. "मराठी विभागाला व्हर्नियर?" प्रयोगशाळेतल्या सहायकाने विचारले. "मात्रा मोजायच्यात," मी म्हणालो. आतला व्यास ४४ मिलिमीटर निघाला. मग ४२ ची, हातभर लांब पुंगळी आणली.

सायलेन्सर आतून तारेच्या ब्रशने घासला तेव्हा एवढी काजळी निघाली, की घरात वर्षभर काजळ करता आले असते. काचेची लोकर मी उघड्या हातांनी गुंडाळली. असे कोणीही करू नये. रात्रभर दोन्ही हात खाजत होते आणि हिने खोबरेल तेल लावताना एकही शब्द उच्चारला नाही, हे त्याहून वाईट. सायलेन्सरला खालून भोक पाडले, त्यातून बोल्ट घालून पुंगळी पक्की केली, गाडी सुरू केली. आवाज निम्म्याच्याही खाली आला होता! खालच्या आजोबांनी खिडकीतून हात वर केला.

मी विजयी मुद्रेने सिंहगड रस्त्याला लागलो. अर्ध्या तासाने मागे फाट् असा आवाज झाला आणि पूर्वीची गर्जना एकदम परत आली. वळून पाहतो तो पुंगळी रस्त्याच्या कडेला वाफाळत पडली होती आणि एक कुत्रे तिच्यापासून चार हात अंतर राखून तिच्यावर भुंकत होते. मागून कोणी येत नव्हते, हे नशीब. ती तापलेली वस्तू एखाद्याच्या अंगावर गेली असती, या विचाराने आजही माझ्या पोटात गोळा येतो. मिस्त्रीने सगळे पाहून एकच प्रश्न विचारला, "स्प्रिंग वॉशर कुठाय?" एका सिलिंडरच्या इंजिनाला थरथर फार. नुसता बोल्ट त्यात हळूहळू सैल होत जातो. त्याला धरून ठेवायला फाटलेल्या कड्यासारखा तो वॉशर लागतो. दोन रुपयांची वस्तू असेल. मिस्त्रीने ती घातली, लोकरीवर स्टीलची तार आवळली, आणि मग प्लग काढून मला दाखवला. काळाकुट्ट! आधीच्या मालकाने पुंगळी काढली तेव्हा कार्ब्युरेटरमधला जेटही मोठा केला होता. वाट मोकळी झाली की जास्त हवा जाते, म्हणून जास्त पेट्रोल. आता वाट पुन्हा अडवल्यावर ते पेट्रोल जास्त झाले. मूळचा जेट परत बसवला, फेरफटका मारला, पुन्हा प्लग पाहिला. चहाच्या रंगाचा. "आता झालं," मिस्त्री म्हणाला.

गाडी शांत झाली आणि दुसरेच आवाज ऐकू येऊ लागले. टॅपेटची टिकटिक, साखळीची कुरकुर, मडगार्डाच्या एका सैल नटाचे खुळखुळणे. हे सगळे पूर्वीही होतेच. गर्जनेच्या खाली दबून गेले होते. मी एकेक शोधून आवळत बसलो. आता एकच उरले होते. मागे बसणारीचे बोलणे! खरे सांगायचे तर बाळ, दंड आणि मॅक्सिम यांच्यापेक्षा मला याचेच अप्रूप होते. सबंध प्रवासात आपल्याला आपल्या बायकोशी बोलता येईल, ही कल्पना लग्नाला वीस वर्षे झाल्यावर सुचावी, हे माझे मलाच कौतुकास्पद वाटले.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही आंबोलीला निघालो. कोल्हापूरला मुक्काम केला. तोवर ही दोनदा बोलली: एकदा "पाणी हवंय का?" आणि एकदा "पुढे खड्डा आहे." दुसऱ्या दिवशी निपाणीवरून आजऱ्याच्या रस्त्याला लागलो. दोन्ही बाजूंना ऊस, मध्येच भाताची खाचरे, रस्त्यावर चिटपाखरू नाही. गाडी इतकी छान, इतकी हलकी चालली होती, की तिच्या साडीच्या पदराची फडफड मला ऐकू येत होती. पण खांद्यावर थरथर नाही. मीच बोलू लागलो. आजऱ्याचा घनसाळ तांदूळ, त्याचा वास, मग तांदळाच्या जातींची नावे, मग त्या नावांची व्युत्पत्ती. मागून "हं" आले.

आजऱ्याला चहाला थांबलो. मी विचारले, "बरं वाटत नाही का?"

"बरं आहे की."

"मग बोलत का नाहीस? एवढा खटाटोप केला तो कशासाठी?"

तिने बशीत चहा ओतला, तो निवेपर्यंत थांबली. मग म्हणाली, "पूर्वीच बरं होतं."

"काय पूर्वी? ऐकू कुठे येत होतं?"

"तेच."

मला काहीच उमगले नाही. तेव्हा तिने ते एखाद्या विद्यार्थ्याला सांगावे तसे सांगितले. "घरात तुम्ही ऐकता, नाही असं नाही. पण ऐकलं की लगेच उत्तर देता. शब्द चुकला तर तो दुरुस्त करता, मग त्यावर आणखी काही सांगता. आणि मला काय म्हणायचं होतं ते राहूनच जातं. गाडीवर तसं नव्हतं. तुमच्या पाठीशी बोललं की बोलून व्हायचं."

"काय बोलायचीस?"

"काहीही. बाबा आजारी होते तेव्हा बाबांचं. आणि..." ती थांबली. "बँकेतली नोकरी मी सोडली, ते चुकलं, हे मी पहिल्यांदा पसरणीच्या घाटात बोलले. मोठ्यानं. तुम्ही मान डोलावलीत."

चहावाल्याने विचारले, अजून दोन करू का. मी हो म्हणालो, कारण काहीतरी म्हणणे भाग होते. माझी बदली झाली म्हणून तिने ती नोकरी सोडली होती, पंधरा वर्षांपूर्वी. आम्ही दोघांनी मिळून ठरवले होते, असे मी नेहमी सांगत आलो. अगदी लोकांसमोर, अभिमानाने. त्या वाक्यात 'आम्ही' हे सर्वनाम कोणाचे होते, असा विचार मी केलेला नव्हता.

मला तेव्हा एक वेडी गोष्ट सुचली. पिशवीत दहा नंबरचा पाना होता. पुंगळी काढायला पाच मिनिटे पुरली असती. मी तसे बोललोही. ती हसली. "आणि त्या खालच्या बाळाचं काय?" म्हणाली. पैसे तिनेच दिले.

आंबोलीचा रस्ता झाडीत शिरला तेव्हा मी गाडी चाळीसवर आणली. वळणे सुरू झाली होती. हेल्मेटची हनुवटी माझ्या खांद्याला टेकली.

"त्या वेळी आमच्या शाखेत एक परीक्षा होती," ती म्हणाली. "ऑफिसर व्हायची. मी फॉर्म भरलावता."

'भरला होता' हे माझ्या जिभेच्या टोकापर्यंत आले. मी ओठ आवळले. टॅपेट टिकटिकत होता. मान मी अगदी सरळ, न हलवता धरली, आणि ती पुढे बोलू लागली.